ही कावीळ उतरवून घ्यायची नाही

ताई, नमस्कार. माझे वडील, आम्ही त्यांना अण्णा म्हणतो, वय ६३. एसटीत कंडक्टर होते. माळकरी आहेत, दारूला कधी शिवले नाहीत, तंबाखू मात्र चुन्यासकट चालू आहे. आषाढी वारीहून आल्यापासून त्यांचं जेवण तुटलं. आम्हाला वाटलं, चालून थकलेत. श्रावणात तपासलं तर शुगर निघाली. आमच्या घराण्यात कुणालाच नाही. वजन ७१ होतं, आता ५९ आहे. बेंबीच्या वर दुखतं ते पाठीत जातं, रात्री उशी पोटाशी धरून पुढे वाकून बसतात. गॅसच्या आणि पित्ताच्या गोळ्या तीन महिने झाल्या. गेल्या आठवड्यात डोळे पिवळे झाले, अंगाला खाज सुटली. सोनोग्राफीत आलं की पित्तनलिका फुगली आहे, गॅसमुळे स्वादुपिंड नीट दिसत नाही. चुलते म्हणतात, कावीळ आहे, एका गावात उतरवून देतात, तीन रविवार जायचं. एक रविवार झाला. उसाचा रस चालू आहे. भाऊ म्हणतो, टाटाला नेलं की माणूस तिथेच खचतो. मी मोबाइलवर वाचलं आणि दोन रात्री झोपले नाही. पर्रीकर साहेबांना टीव्हीवर नाकात नळी घातलेलं पाहिलं होतं, तेच डोळ्यांसमोर येतं. माझ्या आत्याला बेचाळिसाव्या वर्षी स्तनाचा कॅन्सर झाला होता. मी उगाच घाबरतेय का? आणि अण्णांना काय सांगू?
— एक लेक, वाळवा तालुका

तुमचं पत्र मिळालं त्याच संध्याकाळी आपण फोनवर बोललो. तेव्हा तुम्ही रडत होतात आणि मी घाईघाईनं तीनच गोष्टी सांगितल्या: पुढचा रविवार रद्द करा, उसाचा रस बंद करा, सीटी स्कॅनची वेळ घ्या. गुरुवारची वेळ मिळाल्याचं परवा कळवलंत. नाव-गाव काढून हे पत्र छापायला तुम्ही हो म्हणालात, म्हणून आता सगळं सावकाश लिहिते. तुमच्यासाठी, आणि ज्यांच्या घरी असेच कुणी रात्री उशी धरून बसत असतील त्यांच्यासाठीही.

नाही, तुम्ही उगाच घाबरत नाही आहात. साठी ओलांडलेल्या माणसाचं वजन चार महिन्यांत बारा किलोनं उतरतं, घराण्यात नसलेली शुगर अचानक निघते, जेवण तुटतं, दुखणं पोटातून पाठीत जातं आणि मग डोळे पिवळे होतात. यातली एकेक गोष्ट सुटी घेतली तर तिला वीस कारणं सापडतील. सगळ्या एकाच माणसात, एकाच पावसाळ्यात आल्या की आधी स्वादुपिंड बघायचं. तिथे गाठ आहे की नाही, एवढं कळेपर्यंत कावीळ उतरवण्याचे बाकी सगळे इलाज थांबवायचे.

हे मी ठामपणे लिहिते याचं कारण सांगते. पंचवीस वर्षांपूर्वी माझ्या दवाखान्यात एक प्राथमिक शिक्षक यायचे. वय ५८. पोटात जळजळ, पाठीत ओढ, भूक नाही. मी तपासलं, पोट मऊ होतं, काही हाताला लागलं नाही. पित्ताच्या गोळ्या दिल्या. पंधरा दिवसांनी परत आले, गोळ्या बदलल्या. तिसऱ्या वेळी त्यांच्या पत्नी बरोबर होत्या. त्या म्हणाल्या, “हे रात्री आडवेच होत नाहीत हो, गुडघ्यांवर डोकं टेकून बसतात. पट्ट्याला दोन नवी भोकं पाडली.” मी ते ऐकलं आणि केसपेपरवर पुन्हा ‘गॅस’ लिहिलं. निदान झालं तेव्हा गाठ यकृतात गेलेली होती. सर तीन महिन्यांत गेले. पट्ट्याची ती दोन भोकं मला आजही दिसतात. त्या बाईंनी माझ्यापुढे निदानच मांडलं होतं. तुमच्या पत्रात उशीचं वाचलं आणि मी तेव्हाच फोन उचलला.

आता हे दुखणं असं का असतं, ते बघा. स्वादुपिंड जठराच्या मागे, पाठीच्या कण्यापुढे आडवं पडलेलं असतं, लांबी वीतभराहून थोडी कमी. त्याचं डोकं उजवीकडे लहान आतड्याच्या सुरुवातीच्या वळणात बसलेलं, शेपूट डावीकडे प्लीहेपर्यंत गेलेली. इतक्या खोलवर की गाठ झाली तरी बाहेरून हाताला लागत नाही, आणि पुढच्या आतड्यात हवा असली तर सोनोग्राफीतही झाकून जाते. त्याच्या मागेच नसांचं जाळं आहे, म्हणून दुखणं पाठीत उतरतं. उताणं झोपलं की वाढतं, पुढे वाकलं की जरा सैल पडतं. अण्णांना हे कुणी शिकवलेलं नाही, शरीरानंच त्यांना तसं बसवलं.

स्वादुपिंड दोन कामं करतं. जेवण पचवणारे रस आतड्यात सोडतं आणि साखर ताब्यात ठेवणारं इन्सुलिन रक्तात सोडतं. म्हणून तिथलं दुखणं कधी पचनातून बोलतं, कधी शुगरमधून. पन्नाशीनंतर पहिल्यांदाच मधुमेह निघालेल्या शंभर लोकांमागे साधारण एकाला पुढच्या तीन वर्षांत स्वादुपिंडाचा कर्करोग सापडतो. शंभरात एक म्हणजे बहुतेकांना काहीही होत नाही, हे आधी लक्षात घ्या. पण साध्या मधुमेहाच्या सुरुवातीला बऱ्याचदा वजन वाढलेलं असतं. शुगर नवी आणि वजन मात्र भराभर उतरतंय, भूकही गेली आहे, अशी जोडी दिसली तर मधुमेहाच्या गोळ्या देऊन थांबू नये, पोटाचा स्कॅन करावा. आपल्याकडे अशा माणसाला “शुगर आहे, बारीक व्हायचंच” असं सांगतात. अण्णांच्या बाबतीत तर वारीचं चालणं निमित्ताला मिळालं.

आणि मग कावीळ. इथे मला जास्त लिहायचं आहे, कारण आपल्या भागात सगळ्यात जास्त दिवस इथेच जातात.

कावीळ हा रोग नाही, ते लक्षण आहे. आपल्याकडची नेहमीची कावीळ दूषित पाण्यातून येते. ताप, मळमळ, मग डोळे पिवळे. त्यात यकृताला सूज आलेली असते आणि बहुतेकांची ती काही आठवड्यांत आपोआप ओसरते. कुणी नाकात मुळीचा रस पिळतं, कुणी दंडावर डाग देतं, कुणी डोक्यावर काड्यांची माळ ठेवतं आणि ती खाली सरकत लांब होते. कुणी चुन्याच्या निवळीत हात धुवून घेतं आणि पाणी पिवळं होतं. त्या पाण्यात शरीरातली कावीळ उतरलेली नसते. हाताला आधी आंब्याच्या सालीचा रस चोळलेला असतो, तो चुन्याशी पिवळा होतो. माणूस बरा होतो तो त्याच्या यकृतानं, आणि नाव त्या रविवारांचं होतं. मला तुमच्या चुलत्यांचा राग नाही. त्यांनी आयुष्यभर अशी माणसं बरी झालेली पाहिली आहेत, ते खोटं बोलत नाहीत.

अण्णांची कावीळ त्या जातीची दिसत नाही. यकृतातून निघालेलं पित्त एका नळीतून आतड्यात येतं आणि ती नळी शेवटी स्वादुपिंडाच्या डोक्यातून जाते. तिथे गाठ वाढली की नळी चेपते. पाटात दगड पडला की पाणी मागच्या वावरात तुंबतं, तसं पित्त मागे रक्तात चढतं. सोनोग्राफीत नळी फुगलेली दिसली ती यामुळेच. अशा कावीळीत लघवी काळ्या चहासारखी होते, शौच शाडूच्या मातीच्या रंगाचं होतं, आणि खाज इतकी की माणूस रात्रभर अंग ओरबाडतो. ताप बहुधा नसतो. तुम्ही फोनवर म्हणालात की शौचाचा रंग कुणी पाहिलेला नाही. अण्णांना विचारा. लाजतील, तरी विचारा. तेलकट, पाण्यावर तरंगणारं, कितीही पाणी ओतलं तरी भांड्याला चिकटून राहणारं असेल तर तेही डॉक्टरांना सांगा, पाचक रस आतड्यात पोचत नसल्याची ती खूण आहे.

उसाच्या रसाबद्दल मी फोनवर चिडले होते, त्याबद्दल माफ करा. पण शुगर तीनशेच्या घरात असलेल्या माणसाला दिवसाला तीन पेले रस म्हणजे कावीळीच्या पथ्यापायी दुसरं संकट ओढवून घेणं आहे.

चुलत्यांना गुरुवारी गाडीत बरोबर घ्या. त्यांना बाजूला ठेवून काही करू नका, उलट फिल्म दाखवताना डॉक्टरांच्या खोलीत त्यांना पुढे बसवा. दगड कुठे पडलाय ते त्यांनी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं की तिसऱ्या रविवारचा विषय घरात निघणार नाही.

गुरुवारचा स्कॅन साधा करून घेऊ नका. शिरेतून औषध देऊन, खास स्वादुपिंडासाठी टप्प्याटप्प्यानं काढतात तो सीटी हवा. चिठ्ठीवर तसं लिहून घ्या. त्याआधी मूत्रपिंडाची रक्ततपासणी लागते आणि शुगरची कोणती गोळी चालू आहे ते तिथे सांगावं लागतं. कुणी म्हणालं की कावीळ जास्त आहे, आधी दुर्बिणीतून नळीत स्टेंट, म्हणजे वाट मोकळी ठेवणारी छोटी नळी, टाकू, तर नम्रपणे विचारा: “आधी सीटी करून मग टाकलं तर चालेल का?” स्टेंट टाकल्यावर आजूबाजूला सूज येऊ शकते आणि मग गाठीची हद्द, रक्तवाहिनीशी तिचं नातं, नीट वाचता येत नाही. लवकर शस्त्रक्रिया होणार असेल तर काही रुग्णांना स्टेंट लागतही नाही. अपवाद एकच. थंडी वाजून ताप आला तर तुंबलेल्या पित्तात जंतू शिरलेत असं समजा आणि त्याच रात्री मोठ्या रुग्णालयात न्या, गुरुवारची वाट बघू नका. रक्त गोठण्याची तपासणीही करून घ्या. पित्त आतड्यात न पोचल्यानं ‘के’ जीवनसत्त्व शोषलं जात नाही आणि रक्त लवकर थांबत नाही.

सीए १९-९ नावाची एक रक्ततपासणी आहे. ती करतील, करू द्या, पण तिच्या आकड्यावर झोप घालवू नका. नुसती कावीळ असली तरी तो आकडा चढतो, आणि ही तपासणी जो पदार्थ मोजते तो काही लोकांच्या रक्तात जन्मतःच बनत नाही, त्यांचा आकडा कर्करोग असूनही साधा दिसतो. उपचार लागू पडतायत का हे बघायला ती कामाची आहे. धडधाकट माणसांनी ‘संपूर्ण तपासणी’च्या पॅकेजात ती विकत घेण्यात अर्थ नाही.

हे कर्करोगच निघेल असं मी म्हणत नाही. नळीत अडकलेला खडा असू शकतो. स्वादुपिंडाची जुनी सूज असू शकते. आपल्या देशात क्षयाच्या गाठींनीही नळी दाबली जाते. रोगप्रतिकारशक्तीच्या गोंधळातून येणारी एक सूज तर हुबेहूब गाठीसारखी दिसते आणि स्टेरॉइडनं विरते. नळी जिथे आतड्यात उघडते त्या तोंडाशी होणारा कर्करोगही अशीच कावीळ आणतो आणि तो स्वादुपिंडाच्या कर्करोगापेक्षा बराच सौम्य असतो. यातल्या प्रत्येकाचा इलाज वेगळा आहे, म्हणून तर नाव कळायला हवं.

गाठ दिसलीच तर दुर्बिणीच्या टोकाला सोनोग्राफी लावून, जठरातून सुई घालून तुकडा घेतात. “सुई लावली की पसरतो” हे वाक्य तुम्हाला पन्नास जण ऐकवतील. या भीतीनं तपासणी टाळू नका. केमो द्यायची असेल तर तुकड्याशिवाय देताच येत नाही. उलट गाठ सरळ काढण्याजोगी असेल तर तज्ज्ञ कधी कधी तुकडा न घेताच शस्त्रक्रिया करतात. तेव्हाही गोंधळू नका.

आता मोबाइलवर तुम्ही काय वाचलंत ते मला माहीत आहे. २०२२ साली जगात या कर्करोगाचे सुमारे ५ लाख १० हजार नवे रुग्ण सापडले आणि त्याच वर्षी सुमारे ४ लाख ६७ हजार माणसं त्यानं गेली. हे दोन आकडे इतके जवळ आहेत की वाचणाऱ्याचा धीर सुटतो. अमेरिकेत निदानानंतर पाच वर्षं जगणारे शंभरात १३. मी हे लपवणार नाही. पण तेच आकडे आणखी उलगडले तर गाठ स्वादुपिंडापुरतीच असताना सापडलेल्यांत पाच वर्षं जगणारे शंभरात ४४ आहेत, आणि दूर पसरल्यावर सापडलेल्यांत ३. शस्त्रक्रिया होण्याजोग्या अवस्थेत येणारे मात्र शंभरात जेमतेम १५ ते २०. भारतात हा कर्करोग पाश्चात्त्य देशांपेक्षा बराच कमी आढळतो आणि मला वाटतं याचाही तोटा होतो. गावच्या डॉक्टरच्या डोक्यात तो येतच नाही. माझ्या तरी कुठे आला होता.

गाठ डोक्याच्या भागात असली तर कावीळ त्यातल्या त्यात लवकर होते. शेपटीकडच्या गाठीला अडवायला नळीच नसते, ती मुकाट वाढत राहते. म्हणून अण्णांचे पिवळे डोळे मला संधीसारखे वाटतात. पाठीतलं दुखणं आणि उतरलेलं वजन मात्र मला काळजीत टाकतं, हेही तितक्याच खरेपणानं सांगते.

डोक्याच्या गाठीसाठी जी शस्त्रक्रिया करतात तिला व्हिपल म्हणतात. न्यूयॉर्कचे शल्यविशारद ॲलन व्हिपल यांनी १९३५ साली ती मांडली. स्वादुपिंडाचं डोकं, लहान आतड्याचा पहिला भाग, पित्ताशय, पित्तनलिकेचा तुकडा, कधी जठराचा थोडा भाग काढतात आणि उरलेलं सगळं पुन्हा आतड्याला जोडतात. पाच-सहा तास, कधी जास्तही. एके काळी यात पुष्कळ रुग्ण दगावत. आज जिथे ही शस्त्रक्रिया वारंवार होते तिथे दगावण्याचं प्रमाण शंभरात पाचाच्या आत आलं आहे, आणि हा फरक मुख्यतः सवयीच्या हातांचा आहे. म्हणून शल्यविशारदांना सरळ विचारा, “वर्षाला अशा किती करता?” चांगला डॉक्टर या प्रश्नानं दुखावत नाही. जवळचं, ओळखीचं, नातेवाइकाच्या मुलाचं, असं बघून या शस्त्रक्रियेसाठी रुग्णालय निवडू नका.

शस्त्रक्रियेनंतर केमो लागते. २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या एका फ्रेंच-कॅनेडियन अभ्यासात शस्त्रक्रियेनंतर चार औषधांची मिळून केमो घेतलेल्यांपैकी निम्मे रुग्ण साडेचार वर्षांच्या पुढे जगले. जुन्या एकट्या औषधावर हाच काळ तीन वर्षांच्या आत होता. त्यात धडधाकट रुग्णच निवडले होते, त्यामुळे अण्णांना तो आकडा जसाच्या तसा लावू नका. पण “या कर्करोगावर काहीच नाही” हे वाक्यही आता खरं राहिलेलं नाही. गाठ रक्तवाहिनीला चिकटलेली असेल तर आधी केमो देऊन मग शस्त्रक्रियेचा विचार करतात. उशीर केला म्हणून डॉक्टरांवर रागावू नका, त्यांनी क्रम मुद्दाम तसा लावलेला असतो.

मनोहर पर्रीकरांचं तुम्ही लिहिलंत. त्यांना हा आजार २०१८ मध्ये झाला आणि १७ मार्च २०१९ रोजी, ६३ व्या वर्षी ते गेले. अण्णांचंही वय तेवढंच, म्हणून ती नळी तुमच्या डोळ्यांसमोरून जात नाही. मलाही ते चित्र आठवतं. डिसेंबर २०१८ मध्ये मांडवीवरचा पूल बघायला आले होते, आणि जानेवारीच्या शेवटी विधानसभेत अर्थसंकल्प मांडला. शेवटच्या महिन्यांतही माणूस आपलं काम करत होता, हेही त्याच चित्रात आहे. आणि तुमचा भाऊ फोनवर म्हणाला की ॲपलचे स्टीव्ह जॉब्स याच रोगात आठ वर्षं जगले, तर त्यांची गाठ स्वादुपिंडातल्या हार्मोन बनवणाऱ्या पेशींची होती. तो निराळा आणि सावकाश वाढणारा प्रकार आहे. दोघांपैकी कुणावरूनही अण्णांचं भविष्य काढू नका.

भावाला माझ्याकडून एवढं सांगा. परळचं टाटा रुग्णालय १९४१ पासून उभं आहे, आणि तिथल्या व्हरांड्यात बसलेली माणसं पाहून छाती दडपते हे खरं आहे. पण अण्णांना तिथे खचू न देणं हे भावाच्याच हातात आहे, तो बरोबर असला की झालं. सगळे उपचार तिथेच घ्यायला हवेत असंही नाही. तिथे योजना ठरवून घेऊन केमो सांगली-कोल्हापूरकडे घेणारे पुष्कळ आहेत. पैशाची चिंता पत्रात लिहिली नाहीत, फोनवर कळली. महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजनेत कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंतचे उपचार मिळतात आणि कर्करोगाच्या शस्त्रक्रिया, केमो त्यात आहेत. रेशन कार्ड आणि आधार बरोबर ठेवा, योजनेतल्या रुग्णालयात ‘आरोग्यमित्र’ बसतात, पहिल्या दिवशीच त्यांना भेटा. बिल झाल्यावर गेलात तर उपयोग नाही. धर्मादाय रुग्णालयांना दहा टक्के खाटा निर्धनांसाठी मोफत आणि दहा टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत ठेवाव्या लागतात, उत्पन्नाचा दाखला आजच तहसीलमधून काढायला टाका. एसटीत कर्करोगाच्या रुग्णाला तिकिटात सवलत आहे. ती अण्णांना तुमच्या-माझ्यापेक्षा चांगली माहीत असणार, त्यांनी कितीतरी जणांना अशी तिकिटं फाडून दिली असतील.

तंबाखूबद्दल. या कर्करोगाचं सगळ्यात मोठं टाळता येण्याजोगं कारण विडी-सिगारेट आहे, हे बऱ्याच जणांना माहीत असतं. न ओढता चघळायच्या तंबाखूनंही तोंडाबरोबर स्वादुपिंडाचा कर्करोग होतो, असं जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेनं नोंदवून ठेवलं आहे. मशेरी लावणाऱ्या आमच्या बायकांनी हे वाक्य दोनदा वाचावं, अशी माझी इच्छा आहे. पण अण्णांना आत्ता “तुमच्यामुळेच झालं” असं कुणीही म्हणायचं नाही. ज्यांनी आयुष्यात तंबाखूला हात लावला नाही त्यांनाही हा रोग होतो. शस्त्रक्रिया होणार असेल तर तंबाखू आजपासून बंद, फुप्फुसं आणि जखमा दोन्हींसाठी, एवढंच कारण सांगा.

आत्याचं तुम्ही पत्राच्या शेवटी सहज लिहून गेलात, पण डॉक्टरांना ते पहिल्यांदा सांगा. कमी वयातला स्तनाचा कर्करोग आणि स्वादुपिंडाचा कर्करोग एकाच घरात असतील तर बीआरसीए नावाच्या जनुकांतला दोष असण्याची शक्यता वाढते. निदान कर्करोगाचंच झालं तर अण्णांच्या रक्ताची जनुकीय तपासणी करून घ्या. दोष निघाला तर त्यांच्या केमोची निवड बदलू शकते, आणि तुम्हाला व भावाला आपापली तपासणी कधीपासून करायची ते कळेल. नाही निघाला तर तुमची अर्धी भीती तिथेच जाईल.

अण्णांना काय सांगायचं, हा प्रश्न तुम्ही शेवटच्या ओळीत विचारलात, पण तो सगळ्यात जड आहे हे मला कळतं. आपल्या घरांत असं असतं की रिपोर्ट मुलाच्या खिशात, डॉक्टरांना डोळ्यांनी खूण, आणि आजारी माणसाला “अल्सर आहे, बरं होईल.” यामागे माया असते. पण मी पाहिलेल्या जवळजवळ प्रत्येक घरात त्या माणसाला कळलेलं होतं आणि तो घरच्यांसाठी न कळल्याचं सोंग करत होता. दोन्ही बाजूंनी एकेकटं पडायचं आणि शेवटचे महिने अल्सरबद्दल बोलण्यात घालवायचे. तीस वर्षं ज्यांनी दर रात्री डेपोत पैशापैशाचा हिशेब दिला, त्यांच्यापासून त्यांच्याच शरीराचा हिशेब लपवू नका.

सगळं एकदम सांगायची गरज नाही. स्कॅनच्या आदल्या रात्री, जेवणं झाल्यावर, शेजारी बसा आणि विचारा: “अण्णा, उद्या तपासणीत जे निघेल ते सगळं तुम्हाला ऐकायचंय, की आम्ही ऐकून तुम्हाला लागेल तेवढं सांगू?” मग गप्प बसा. ते काय म्हणतात त्याप्रमाणे वागा. “तुम्हीच बघा” म्हणाले तर तोही त्यांचा हक्क आहे, पण निर्णय त्यांनी दिलेला असेल. “सगळं सांगा” म्हणाले तर डॉक्टरांच्या खोलीत ते बसतील, बाहेर बाकावर नाही. आईलाही त्या वेळी तिथेच असू द्या. तिचा तुमच्या पत्रात एकदाही उल्लेख नाही. रात्री ती उशी त्यांना कोण आणून देतं?

जेवणाचं. कावीळ आहे म्हणून तेल-तूप, दूध सगळं तोडू नका, आधीच बारा किलो गेलेत. थोडं थोडं, दिवसातून सहा वेळा. मऊ भात, मुगाचं वरण, दही, पनीर, दुधात कुस्करलेली भाकरी. डॉक्टर पाचकरसाच्या कॅप्सूल देतील, त्या पहिल्या घासाबरोबर घ्यायच्या असतात. जेवणाच्या खूप आधी किंवा नंतर घेतल्या तर वाया जातात, आणि ही बारीकशी गोष्ट कुणी सांगत नाही. एक गोष्ट मात्र अण्णांना आधीच सांगा. या कॅप्सूल डुकराच्या स्वादुपिंडापासून बनतात. ते माळकरी आहेत, त्यांना नंतर बाहेरून कळलं तर फसवल्यासारखं वाटेल. माझ्या ओळखीचे एक वारकरी आजोबा हे ऐकून दिवसभर बोलले नाहीत आणि संध्याकाळी म्हणाले, “औषध म्हणून घेतो, पांडुरंग समजून घेईल.” अण्णा काय म्हणतील ते त्यांचं त्यांना ठरवू द्या.

दुखणं सहन करायला लावू नका. गॅसच्या गोळीनं ते थांबणार नाही. लागली तर मॉर्फीनची गोळी घ्या. ती फक्त शेवटची असते, तिची सवय लागते, या दोन्ही समजुतींपायी माणसं विनाकारण तळमळतात. पाठीमागच्या त्या नसांच्या जाळ्यात इंजेक्शन देऊनही दुखणं कमी करता येतं. वेदना कमी करणारे डॉक्टर पहिल्या दिवसापासून बोलवायचे असतात. रात्रभर झोपलेला माणूस केमो जास्त चांगली सोसतो.

जगभर नोव्हेंबर महिना या कर्करोगाच्या जागृतीसाठी पाळतात, तिसरा गुरुवार त्याचा खास दिवस, रंग जांभळा. आमच्या तालुक्यात मी कधी जांभळी फीत पाहिली नाही. त्यापेक्षा तुमच्या पत्रातलं ते एक वाक्य, ‘रात्री उशी पोटाशी धरून पुढे वाकून बसतात’, गावोगावच्या दवाखान्यांच्या भिंतीवर लावावं असं मला वाटतं. खाली फक्त जोडायचं: वजन उतरतंय का, शुगर नवी आहे का, डोळे बघा.

गुरुवारी निघताना सोनोग्राफीचा जुना कागद, शुगरच्या चिठ्ठ्या आणि तंबाखूची चंची वगळता अण्णांच्या खिशात असेल ते सगळं बरोबर घ्या. उपाशीपोटी बोलावलं असेल तर शुगरच्या गोळीचं काय करायचं ते बुधवारीच विचारून ठेवा. स्कॅनचा कागद संध्याकाळी मिळेल, त्याबरोबर सीडीही मागून घ्या, परळला ती लागते. कागद हातात आला की मला फोन करा. कितीही वाजले असले तरी मी जागी असेन.